भातखाचराची माती आणि अठरा बादल्या: सेल्फ-वॉटरिंग कुंड्यांसाठी माध्यम निवडताना

पार्श्वभूमी

मावळ तालुक्यातल्या एका लहान गावची ही जिल्हा परिषदेची शाळा. दोन शिक्षक, पहिली ते चौथीचे वर्ग, पट ३४. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. मी तळेगावात राहतो. बारा वर्षं एका पॉलिहाऊसवर देखरेखीचं काम केलं, त्यामुळे मातीविना शेतीशी हात सरावलेला आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंची आणि माझी ओळख त्याच काळातली.

पोषण आहारासाठी शाळेत परसबाग असावी, अशी अपेक्षा असते. या शाळेपुढचं अंगण मुरमाचं. कुदळ मारली की ठिणगी उडावी असं. म्हणून भाजी कुंड्यांमध्येच. पावसाळ्यात आणि थंडीत ती बरी यायची, पण दिवाळीच्या सुट्टीत निम्मी आणि मे महिन्यात उरलेली सगळी वाळायची. मुलं जूनमध्ये शाळेत आली की पहिल्यांदा वाळलेले खुंट दिसायचे. बाईंना याचंच वाईट वाटायचं. "पहिलीतलं पोर हाताने बी लावतं हो काका, आणि सुट्टीवरून आल्यावर काटक्या बघतं," असं त्या मला म्हणाल्या होत्या.

२०२३ च्या दिवाळीनंतर त्यांनी खालून पाणी पिणाऱ्या कुंड्या करायच्या ठरवल्या. गावातल्या रंगाऱ्याकडून रंगाच्या २० लिटरच्या १८ रिकाम्या बादल्या मिळाल्या. मुलांचे पालक मदतीला आले. बांधणी अशी: बादलीच्या तळाशी पीव्हीसी पाइपचे ८ सेंटिमीटर उंचीचे तीन तुकडे उभे, त्यांच्यावर बादलीचंच झाकण गोल कापून बसवलेलं. झाकणाला मधोमध भोक, आणि त्या भोकाखाली दह्याचा रिकामा डबा, त्याला बाजूने बारीक भोकं. डबा मातीने भरायचा, तो पाण्यात उभा राहतो आणि वातीसारखं काम करतो. कडेने एक उभा पाइप, पाणी भरायला. बाहेरून ७ सेंटिमीटरवर एक भोक, जादा पाणी निघून जायला. तळाच्या टाकीत साधारण ४ लिटर पाणी मावायचं, वर सुमारे १५ लिटर जागा माध्यमाला, म्हणजे झाड ज्यात वाढतं त्या माती-मिश्रणाला. मुलांनी नाव ठेवलं 'पाणीपिणी बादली'.

बांधणी उत्तम होती, आजही तिच्यात फारसं काही बदलावं असं मला वाटत नाही. प्रश्न आला तो आत काय भरलं याचा.

अडचण

बादल्या भरल्या गेल्या भातखाचराच्या मातीने. अर्धी माती, अर्धं शेणखत. कापणी नुकतीच झाली होती, खाचरं मोकळी होती, मुलांनी घमेल्याने माती आणली. गावातली सगळ्यात कसदार माती तीच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. ८ बादल्यांत मिरची, ४ वांगी, ४ टोमॅटो, २ कढीपत्ता.

डिसेंबरच्या मध्याला बाईंचा फोन आला. टोमॅटो चारही गेले होते, मिरचीची पाच रोपं गेली होती, बाकीची पिवळी पडून जागच्या जागी बसली होती. मी गेलो तेव्हा पहिल्यांदा वास आला, गटाराच्या कडेला येतो तसा. मातीचा वरचा थर हिरवट, शेवाळलेला. हात लावला की चिलटं उडायची. एक मेलेलं रोप उपटलं तर मुळं तपकिरी, बोटांनी ओढली तर वरची साल निघून आत दोरा उरायचा. आणि बादली हलवायला गेलो तर हलेना. ओली चिकणमाती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे एका बादलीत २५ किलोच्या वर वजन. ती ऊन-सावलीत फिरवायची कशी?

बाईंचा पहिला अंदाज होता की पाणी कमी चढत असेल. शिक्षक सरांचा अंदाज, शेणखत कच्चं असेल. शेणखत थोडं कच्चं होतंही. पण मूळ कारण ते नव्हतं.

बाईंनी विचारलेला प्रश्न मात्र नेमका होता: "याच मातीत भात येतो ना? मग मिरची का नाही?"

या एका प्रश्नात सगळं प्रकरण आहे, म्हणून इथे जरा थांबतो. भातखाचराची माती मुळात तशी नसते, ती तशी केलेली असते. लावणीच्या आधी आपण चिखलणी करतो ती कशासाठी? मातीची ढेकळं, कण, त्यांच्यामधल्या मोठ्या फटी मोडून टाकायला, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही आणि खाचरात उभं राहतं. वर्षानुवर्षं हे केलं की ती माती पाणी धरण्यात पटाईत होते. भाताला ते चालतं, कारण भाताच्या मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात. पानांकडून आलेला प्राणवायू त्यातून मुळाच्या टोकापर्यंत पोचतो. मिरची, टोमॅटो, वांग्याच्या मुळांना हवा हवी असते ती भोवतालच्या मातीतूनच.

साध्या कुंडीत हीच माती कदाचित निभावली असती. वरून पाणी घातलं, दोन दिवसांत वरचा थर सुकला, भेगांतून थोडी हवा आत गेली. खालून पाणी पिणाऱ्या बादलीत तो सुकण्याचा काळच उरत नाही. बारीक कणांमधून पाणी केशाकर्षणाने वर चढत राहतं, झाडाने जेवढं घेतलं तेवढं लगेच भरून निघतं. मातीत जी काही पोकळी आहे ती कायम पाण्याने भरलेली. म्हणून अशा कुंडीसाठी माध्यम निवडताना 'हे किती पाणी धरतं' हा प्रश्न दुय्यम आहे. पाणी तर टाकीत आहेच. विचारायचं ते हे, की पूर्ण भिजल्यावरही याच्यात हवा किती उरते?

समोरचे पर्याय

शाळेच्या व्हरांड्यात बसून आम्ही पर्याय मांडले. बाई, सर, खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि दोन पालक. मावशींचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण सुट्टीत शाळेच्या आवारात येणारं माणूस तेच होतं.

पहिला पर्याय, याच मातीत वाळू मिसळायची. हा सगळ्यांना सुचतो आणि सगळ्यात फसवा आहे. चिकणमातीत थोडी वाळू घातली तर बारीक कण वाळूच्या मधल्या फटींत जाऊन बसतात आणि मिश्रण आणखी घट्ट होतं. फरक पडायला वाळू मातीपेक्षा कितीतरी जास्त लागते, मग ती माती राहत नाही आणि बादली आणखी जड होते. हा पर्याय आम्ही लगेच सोडला.

दुसरा, बाजारातलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ५ किलोची दाबलेली वीट भिजून साधारण ७० लिटर होते. १८ बादल्यांना १५ लिटरप्रमाणे २७० लिटर हवं, म्हणजे चार विटा. हलकं, पाणी चढवण्यात तरबेज. पण त्यात अन्न जवळपास नाही, आणि नीट न धुतलेलं असेल तर क्षार असतात.

तिसरा, गावातल्याच एका पॉलिहाऊसमधलं जुनं कोकोपीट. जरबेराचं पीक काढून टाकल्यावर ढिगाने पडलेलं, फुकट. बाईंचा ओढा साहजिकच इकडे. शाळेच्या खात्यावर पैसे किती असतात ते मला माहीत आहे.

चौथा, भाताचं तूस. गिरणीत पोती भरून मिळतं. कच्चं की भाजलेलं, हा त्यातला उपप्रश्न.

पाचवा, पर्लाइट (भाजून फुगवलेल्या खडकाचे हलके कण) किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्या. हवेसाठी दोन्ही उत्तम. पण तालुक्याच्या बाजारात सहज मिळत नाहीत आणि मिळाल्या तर कोकोपीटच्या कितीतरी महाग. सहावा, हा प्रकारच सोडून जमिनीत माठ पुरून पाणी द्यायचं. पद्धत जुनी आणि चांगली, पण मुरमाच्या अंगणात खड्डे कोण खणणार, हा प्रश्न होताच.

बाटल्यांची चाचणी

मी लगेच उत्तर देऊ शकलो असतो. पण मुलांनी स्वतः घमेली वाहून माती आणली होती. ती चुकीची आहे असं बाहेरून आलेल्या माणसाने सांगून टाकणं मला बरं वाटलं नाही. म्हणून चौथीच्या मुलांबरोबर दोन चाचण्या केल्या.

पहिलीत पाण्याच्या १ लिटरच्या बाटल्यांचे तळ कापले, तोंडाला फडकं बांधलं, उलट्या करून त्यात पाच वेगवेगळी माध्यमं कोरडी भरली आणि तोंडाचा भाग परातीतल्या २ सेंटिमीटर पाण्यात उभा केला. बाटलीवर पेनाने खुणा: तासाभरानंतर, शाळा सुटताना, दुसऱ्या दिवशी सकाळी. भातखाचराची माती हळू चढली, पण सकाळपर्यंत वरपर्यंत ओलीचिंब. नदीची जाडी वाळू झटकन चढली आणि चार बोटांवर थांबली. कच्चं तूस तर जवळपास चढलंच नाही, त्याचं कवच पाण्याला धरत नाही. कोकोपीट सकाळी वरपर्यंत ओलं होतं. कोकोपीट आणि भाजलेलं तूस यांचं मिश्रणही वरपर्यंत गेलं, फक्त वरचा थर ओला असण्याऐवजी दमट होता.

दुसरी चाचणी हवेची. बाटली सरळ ठेवून, खाली भोक पाडून ते बोटाने दाबून धरायचं. १ लिटर माध्यम भरून वरपर्यंत पाणी घालायचं, थोडा वेळ भिजू द्यायचं. मग बोट काढून जे पाणी निथळतं ते मापात मोजायचं. जेवढं पाणी बाहेर आलं तेवढी जागा आता हवेने घेतली. खाचराच्या मातीतून थेंब थेंब करत एखादा चमचा आलं. नुसत्या कोकोपीटमधून सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास. सहा भाग कोकोपीट, तीन भाग भाजलेलं तूस, एक भाग गांडूळखत या मिश्रणातून २०० मिलिलिटर. खालून सतत पाणी मिळणाऱ्या कुंडीला मी किमान एवढी, म्हणजे पाचवा हिस्सा हवा धरतो.

मातीची बाटली निथळत नाही हे बघून एक मुलगी म्हणाली, "हिला श्वास घेताच येत नाय बाई." पुढचं समजावून सांगायची गरज उरली नाही.

निर्णय आणि कृती

तूस भाजायचा प्रश्न आला तेव्हा मला वाटलं होतं की पालक हसतील. उलट एक पालक म्हणाले, "म्हणजे राबासारखंच की." राब म्हणजे भाताची रोपं करण्याआधी जमिनीवर पालापाचोळा जाळून ती भाजणं. चारसूत्री या सुधारित पद्धतीने भात करणाऱ्यांच्या रोपवाटिकेत तुसाची काळी राख जातेच, त्यामुळे गावाला हे नवीन नव्हतं. त्यांनी स्वतःच्या शेतात तूस भाजलं. मधे पत्र्याची नळी, भोवती तुसाचा ढीग, आत विस्तव, आणि ढीग काळा होत आला की लगेच पाणी मारून विझवायचा. यातली खुबी वेळेवर विझवण्यात आहे. काळं तूस हलकं, पोकळ राहतं. जास्त जळून पांढरट राख झाली तर पोकळी जाते आणि राखेचा अल्कपणा वाढतो. वापरण्याआधी ते दोनदा धुतलं.

जुन्या कोकोपीटवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. माझ्याकडे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर होतं. शाळेच्या बोअरचं पाणी ३०० च्या आसपास दाखवत होतं. त्याच पाण्यात जुनं कोकोपीट भिजवून गाळलं तर १९०० च्या घरात. तीनदा धुतल्यावर साडेपाचशेवर आलं. क्षार गेले, पण रोगाचं काय? जरबेराला मूळकुज होते, तिची बुरशी जुन्या माध्यमात राहू शकते. माझं मत नवं घ्यावं असं. बाईंचं मत, फुकट मिळतंय तर काही बादल्यांत वापरून बघावं. शेवटी तीन विटा नव्या आणल्या, १२ बादल्या नव्या कोकोपीटच्या आणि ६ धुतलेल्या जुन्याच्या. बादल्यांवर ऑइलपेंटने 'न' आणि 'जु' लिहिलं. त्या वेळी मला ही तडजोड वाटली होती. पण त्यामुळेच पुढे तुलना करता आली.

खाचराची माती परत खाचरात गेली. वांग्याची दोन रोपं आणि दोन्ही कढीपत्ते अजून जिवंत होते, ते मुळं धुऊन नव्या मिश्रणात लावले. बाकीची रोपं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रोपवाटिकेतून आणली. ती प्रो-ट्रेमध्ये (छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये), कोकोपीटमध्येच वाढलेली असतात, त्यामुळे मुळं नव्या माध्यमात लगेच शिरली. पहिले दहा दिवस पाणी वरूनच दिलं, जादा पाण्याच्या भोकातून येईपर्यंत. हे फार महत्त्वाचं आहे. सुरुवातीला माध्यम वरून खालपर्यंत एकदा सलग भिजलं नाही तर खालचं पाणी वर चढायला धागाच मिळत नाही.

मधल्या अडचणी

पंधरवड्यातच चार बादल्यांतली रोपं माना टाकू लागली. टाकी भरलेली आणि वर कोरडं. उकरून बघितलं तर दह्याच्या डब्यात भाजलेलं तूस जास्त गेलं होतं आणि डबा सैल भरलेला. डब्याचं काम पाणी चढवणं एवढंच, तिथे हवेची गरज नाही. त्यानंतर नियम केला: डब्यात नुसतं कोकोपीट, बोटांनी दाबून. वरच्या भागात मिश्रण, अजिबात न दाबता. एका बादलीत दोन वेगळी माध्यमं लागतात हे मी आधीच सांगायला हवं होतं. ते माझ्याकडून राहून गेलं.

जानेवारीच्या शेवटी मिरचीची कोवळी पानं फिकट पडली. अन्न कमी पडत होतं, एक भाग गांडूळखत पुरणारं नव्हतं. गांडूळखत वाढवावं तर त्याचे बारीक कण हवेच्या जागा भरून टाकतात, म्हणजे पुन्हा पहिल्याच चुकीकडे. मी कळवेपर्यंत सरांनी दोन बादल्यांच्या पाइपमधून जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत) ओतलं होतं. हेतू चांगला होता. पण गूळ आणि बेसन असलेलं ते पाणी बंद टाकीत आंबलं, पाचव्या दिवशी वर्गात वास पोचला. जमिनीत जीवामृत पसरतं, हवा खातं. टाकीत त्याला जागाच नसते. त्या दोन टाक्या वरून पाणी ओतून ओतून धुतल्या.

मग प्रश्न आला रासायनिक खताचा. बाईंना परसबाग पूर्ण सेंद्रिय हवी होती, आणि मला त्यांची भावना पटत होती. पण मातीविना माध्यमात अन्न तयार करणारे जिवाणू पुरेसे नसतात, तिथे विरघळणारं खत लागतंच, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी एक दिवस विचार करायला घेतला. दुसऱ्या दिवशी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, दर दहा दिवसांनी, असं ठरलं. आठवड्यात पानांचा रंग परतला. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन: सगळं सेंद्रियच हवं असेल तर साधी कुंडी आणि माती घ्या, खालून पाणी पिणारी कुंडी नको.

फेब्रुवारीत टोमॅटोच्या फळांच्या बुडाशी काळे खोलगट डाग आले. हे कॅल्शियमच्या कमतरतेचं लक्षण. कोकोपीट सुरुवातीला कॅल्शियम स्वतःकडे ओढून धरतं आणि बदल्यात पोटॅशियम, सोडियम सोडतं. पॉलिहाऊसवर आम्ही नवं कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून, धुऊन मगच वापरायचो. शाळेत मी ते केलं नाही, 'एवढ्याशा बादल्यांना कशाला' असं वाटलं. ही चूक पूर्णपणे माझी. नंतर कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम वेगळ्या दिवशी दिलं, दुसऱ्या खतात न मिसळता. पुढची फळं चांगली आली, पण पहिला बहर गेला तो गेलाच.

याच महिन्यात आरोग्य सेविका ताई साठवलेल्या पाण्याची तपासणी करत शाळेत आल्या. बादल्या बघून त्यांनी सरळ विचारलं, "यात डास झाले तर?" प्रश्न रास्त होता. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, उभ्या पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. दोन गोष्टी केल्या. प्रत्येक पाइपच्या तोंडावर आणि जादा पाण्याच्या भोकावर मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधला. आणि आठवड्यातला 'कोरडा दिवस' बादल्यांनाही लावला: टाकी पूर्ण संपू द्यायची, एक दिवस तशीच ठेवायची, मग भरायची. नुसत्या कोरड्या दिवसावर विसंबून चालत नाही, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही बराच काळ तग धरतात. म्हणून जाळी हवीच.

पण कोरड्या दिवसाने आणखी एक गोष्ट घडली. टाकी रिकामी झाली की झाड माध्यमातलं पाणी ओढतं, आणि पाणी निघतं तिथे वरून हवा शिरते. त्यानंतर चिलटं कमी झाली, वरचं शेवाळ वाळलं, नवी मुळं पांढरी दिसू लागली. टाकी सतत भरलेली ठेवणं म्हणजे काळजी घेणं, असा बहुतेकांचा समज असतो. माझाही काही अंशी होता. ताईंच्या त्या एका प्रश्नाने तो मोडला.

मे महिना

सगळा खटाटोप ज्यासाठी होता ती परीक्षा आता आली. एप्रिलमध्ये मुलांनी पाइपात काठी बुडवून रोज पाणी मोजलं. फळांनी लगडलेली मिरची दिवसाला जवळजवळ १ लिटर पीत होती. टाकी ४ लिटरची. म्हणजे चार दिवस. सुट्टी ४५ दिवसांची. कोणतंही माध्यम हे अंतर भरून काढू शकत नाही, हे बाईंना सांगताना मला जड गेलं, कारण बादल्या करण्यामागे त्यांची आशाच ती होती.

सगळ्या बादल्या पाइपने जोडून २०० लिटरचा ड्रम आणि फ्लोट लावावा का, याचाही विचार केला. पण त्यासाठी सगळ्या बादल्या एका पातळीत हव्यात आणि व्हरांड्याच्या फरशीला पावसाच्या पाण्यासाठी उतार आहे. सगळ्यात खालच्या बादलीतून पाणी वाहून गेलं असतं. शिवाय हिशेब केला तर ड्रमही दोन आठवड्यांत संपला असता.

शेवटी असं केलं. टोमॅटो संपले होते, त्या चार बादल्या रिकाम्या ठेवल्या. मिरची आणि वांगी छाटून निम्मी केली, म्हणजे पाण्याची गरजही खाली आली. बादल्या उत्तरेच्या व्हरांड्यात हलवल्या. आता एक बादली १२ किलोच्या आसपास होती, दोन मुलं उचलू शकत होती. वर भाताच्या पेंढ्याचं आच्छादन. आणि चौथीच्या मुलांच्या जोड्या लावल्या, दर तिसऱ्या दिवशी एक जोडी. फाटकाची किल्ली मावशींकडे. वरच्या थरावर क्षारांची पांढरी पापडी आली होती, म्हणून सुट्टी लागण्याआधी प्रत्येक बादलीत वरून दहा-बारा लिटर पाणी ओतून ते क्षार भोकातून वाहून जाऊ दिले.

निकाल

जूनच्या मध्याला शाळा उघडली तेव्हा १४ पैकी ११ झाडं जिवंत होती. याआधीच्या कुठल्याही जूनमध्ये एकही नव्हतं. गेलेल्या तिघांपैकी दोन मिरच्या आणि एक वांगं, तिन्ही 'जु' लिहिलेल्या बादल्यांतली.

ती रोगाने गेली असं मला वाटत नाही. जुन्या बादल्यांतलं माध्यम मार्चपासूनच खाली बसत होतं, मे अखेरीस ६ सेंटिमीटर खाली गेलं होतं. नव्यातलं जेमतेम २. जुनं कोकोपीट आधीच दोन-तीन वर्षं वापरून कुजत आलेलं, त्याचे तंतू मोडून बारीक भुगा झाला होता. बारीक भुगा म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. पुन्हा तोच खाचराचा प्रश्न, वेगळ्या रूपात. मीटरने मला क्षार दाखवले, म्हणून मी क्षारांकडेच बघत राहिलो. निथळून हवा मोजायची चाचणी जुन्या कोकोपीटवर आम्ही केलीच नाही. मुलांना शिकवलेली चाचणी जिथे सगळ्यात जास्त गरज होती तिथेच वापरली नाही, याची मला रुखरुख आहे.

पुन्हा करायचं झालं तर

कोकोपीट आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवीन. फुकटचं जुनं माध्यम घ्यायचं असेल तर चाळून, भुगा काढून, फक्त वर उरलेले तंतू घेईन आणि त्यात भाजलेलं तूस वाढवीन.

बादलीच्या तळाशी बूच लावलेलं एक भोक ठेवीन. मावळचा पाऊस आडवा येतो, जुलैत व्हरांड्यातल्या बादल्यासुद्धा भरून वाहत होत्या आणि कोरडा दिवस पाळणं अशक्य झालं होतं. बूच असतं तर पावसाळाभर त्या साध्या कुंड्या म्हणून चालल्या असत्या, आणि पावसानेच क्षारही धुतले असते.

कोणतं झाड लावायचं हे माध्यमाच्या आधी ठरवीन. कढीपत्ता तगला, पण वाढला नाही. त्याला मधून मधून चांगलं कोरडं लागतं. मुलांना तुळस लावायची होती, तिला मी नको म्हटलं, ते योग्यच होतं. पुदिना आणि पालक या बादल्यांत सगळ्यात सुखी राहिले असते आणि ते आम्ही लावलेच नाहीत.

२०२४ च्या दिवाळीनंतर बादल्या पुन्हा भरल्या. 'न' बादल्यांतलं माध्यम चाळून त्यात तिसरा हिस्सा नवं मिश्रण घातलं. 'जु' बादल्यांतलं सगळं अंगणातल्या मुरमात खड्डे करून पसरलं. तिथे आता भोपळ्याचा वेल आहे. या वेळी मिश्रण मी केलं नाही. चौथीत आलेल्या मुलांनी केलं, आणि भरण्याआधी प्रत्येक घमेल्यातलं १ लिटर बाटलीत घालून निथळून बघितलं. एका घमेल्यातून दीडशेच मिलिलिटर पाणी निघालं, तर त्यांनी मला न विचारता त्यात आणखी दोन ओंजळी काळं तूस मिसळलं आणि बाटली पुन्हा भरली.